लक्ष्मीपूजनाचे जुने रुपये घासू नका

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या आवराआवरीवर जो मजकूर आला, त्यातल्या एका चौकटीबद्दल हे पत्र आहे. देवघरातली काळी पडलेली चांदीची नाणी दहा मिनिटांत नव्यासारखी कशी करायची, ते त्या चौकटीत सांगितलं आहे. टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने घासा, नाहीतर पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल अंथरून खायचा सोडा आणि उकळतं पाणी घाला, असे दोन उपाय दिले आहेत. वाटी-चमच्याला, निरांजनाला ते एक वेळ चालतील. जुन्या नाण्याला चालत नाहीत. धनत्रयोदशीला अजून बारा दिवस आहेत आणि तेवढ्यात नाशिकमधल्या किती घरांतले राणीछाप रुपये या चौकटीपायी कायमचे खराब होतील, हे मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. राहायला पंचवटीत, सासरच्या जुन्या घरात. आमच्या देव्हाऱ्यात एक पितळी डबी आहे. तिच्यात सात बंदे रुपये: चार राणीछाप, एक सातव्या एडवर्डचा, दोन पंचम जॉर्जचे. त्यांच्या जोडीला १९६९ चं गांधीजींचं दहा रुपयांचं नाणं, जे सासऱ्यांनी जपून ठेवलं होतं. दर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डबी खाली यायची आणि सासूबाई चिंच-रांगोळीने एकेक रुपया घासायच्या. ‘लक्ष्मी काळी ठेवू नये गं,’ असं त्या म्हणायच्या. त्यांच्यानंतर मीही तेच करत राहिले. ज्या हातांनी प्रयोगशाळेत काचेची भांडी दोन-दोनदा डिस्टिल्ड पाण्याने विसळली, त्याच हातांनी घरी चांदीवर दगडाची भुकटी घासली. रांगोळी म्हणजे दुसरं काय असतं?

२०१५ च्या दिवाळीला मात्र मी त्याहून मोठी चूक केली. त्या वर्षी गुडघे दुखत होते, घासायचं जिवावर आलं होतं. एका पॉलिशवाल्याच्या दुकानात सातातला एक रुपया दिला, बरा झाला तर बाकीचे द्यायचे या हिशोबाने. त्याने तो कसल्याशा तेजाबाच्या पाण्यात बुडवून काढला आणि मग फिरत्या चाकावर बफ मारला. दोन मिनिटांचं काम. रुपया आरशासारखा झाला. मी खुशीत घरी आले, आणि संध्याकाळी दिव्याखाली भिंगातून पाहिल्यावर पाट टाकून त्यावर बसूनच राहिले.

तो १९११ चा रुपया होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पंचम जॉर्जच्या पहिल्या वर्षीच्या त्या रुपयावर राजाच्या झग्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि तिच्यात मोहरीएवढा हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली, की लोकांना तो हत्ती न वाटता डुक्कर वाटला. त्यावरून बरीच बोंब झाली, बरेच रुपये सरकारने परत घेतले आणि १९१२ पासून सोंड लांब करून नवा ठसा बनवला. म्हणून १९११ च्या रुपयाला संग्राहक जपतात. आमच्या रुपयावर तो हत्ती झिजलेला, पण स्पष्ट होता. माझ्या नातीला मी तो दाखवला होता, तिने तो भिंगातून पाहून ‘आजी, हा तर डुक्करच आहे’ म्हटलं होतं. बफ मारल्यावर तिथे नुसता एक गुळगुळीत फुगवटा उरला. नाण्यावर जे सगळ्यात उठावाचं, तेच चाकाला आधी लागतं.

नोकरीत असताना एकदा प्रयोगशाळेच्या तराजूवर मी ते सगळे रुपये तोलून वहीत वजनं लिहून ठेवली होती. टाकसाळीतून निघताना हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा असतो. आमचा शंभर वर्षं हाताळून ११.६० वर आला होता. पॉलिशनंतर भरला ११.५१. शंभर वर्षांच्या वापराने जेवढी चांदी गेली, त्याहून जास्त दोन मिनिटांत गेली.

आता मूळ मुद्द्यावर येते. नाण्यावरचा काळा रंग हा मळ नव्हे. हवेत गंधकाचे अंश असतात. स्वयंपाकघरातला कांदा, अंडी, गटाराचा वास, लोकर, रबर या सगळ्यांतून ते येतात. चांदीच्या वरच्या थराशी त्यांचा संयोग होऊन चांदीचं सल्फाइड बनतं. आधी सोनेरी, मग तपकिरी, निळसर आणि शेवटी काळं. म्हणजे तो काळा थर नाण्याच्या स्वतःच्याच चांदीपासून झालेला असतो. तो खरवडला की चांदीच जाते, आणि नंतर उघडी पडलेली नवी चांदी पुन्हा काळवंडायला लागते. दरवर्षी घासणं म्हणजे दरवर्षी एक थर सोलणं. उलट तो थर सारखा, पातळ आणि चिकटून बसलेला असेल, तर खालच्या चांदीचं काळवंडणं त्याच्यामुळे मंदावतं. संग्राहक याला टोनिंग म्हणतात आणि चांगलं टोनिंग असलेल्या नाण्याला जास्त पैसे मोजतात. घासलेलं नाणं त्यांच्या हातात दिलं की ते दिव्याखाली तिरपं धरून फिरवतात. न घासलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात, कारण ठशाच्या दाबाने धातू कडेकडे सरकताना त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पडलेल्या असतात. घासलेल्यावर हे आरे दिसत नाहीत, एका दिशेचे बारीक ओरखडे तेवढे दिसतात. मग असं नाणं बऱ्याचदा नुसत्या चांदीच्या वजनाच्या भावात जातं.

चौकटीतल्या आणि घरोघरच्या इतर उपायांचं एकेक सांगते. टूथपेस्टमध्ये खडू नाहीतर सिलिका असते, आणि सिलिका चांदीपेक्षा कितीतरी कठीण. राखेतही तीच. चिंच-लिंबू नाण्यातल्या तांब्यावर चालतं. राणीछाप रुपयात बारातले अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं, आणि आंबट पाणी ते तांबं वरच्या थरातून काढून घेतं. १९४० ते १९४५ च्या राजाछाप रुपयांत तर चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त, तेव्हा त्यांना आंबट अजून बाधतं. तांब्या-पितळेची पावडर आपल्या तांबट गल्लीतल्या घागरींसाठी ठीक आहे, रुपयासाठी नाही. फॉइल-सोड्याचा उपाय सगळ्यांत फसवा, कारण त्यात घासणं नाही. सल्फाइडमधलं गंधक अ‍ॅल्युमिनियमकडे जातं (पातेल्यातून अंड्याचा वास येतो तो त्याचाच) आणि सगळं टोनिंग एका फटक्यात उतरतं. मागे राहते ती भुसभुशीत, बिनतेजाची, पांढरटफटक चांदी. शंभर वर्षांत जे जमलं ते गेलं, आणि ते परत आणण्याचा कोणताही उपाय माझ्या माहितीत नाही. चांदी बुडवून उजळायच्या, बाजारात मिळणाऱ्या ‘डिप’च्या बाटल्यांचंही तेच. पाच सेकंद जास्त झाले की झिलईही जाते.

तर मग काहीच करायचं नाही का? करायचं, पण फक्त मळ काढायचा. काळं तसंच राहू द्यायचं. हे मी शिकले ते २०१६ च्या पुरात. २ ऑगस्टला गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं, तसं आमच्या खालच्या खोलीतही आलं, आणि डबी दिवसभर गाळात होती. उघडली तेव्हा रुपये दिसतच नव्हते, नुसता चॉकलेटी चिखल. सूनबाई कापड घेऊन पुसायला निघाली, तिचा हात मी धरला. गाळ म्हणजे वाळू, आणि वाळू कापडाखाली आली की तोच पॉलिशवाल्याचा चाक झाला. प्लास्टिकच्या टबात तळाला जुना पंचा अंथरला, त्यावर नाणी एकमेकांना लागणार नाहीत अशी मांडली आणि वरून डिस्टिल्ड पाणी ओतलं. ते औषधांच्या दुकानात किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं (मागताना नीट सांगावं, बॅटरीचं अ‍ॅसिड नको, पाणी हवं). नळाचं पाणी नको, कारण त्यात क्लोरीन असतं आणि क्लोराइड चांदीचं शत्रू आहे. तासाभराने गढूळ पाणी हळूच काढून नवं घालायचं. मी त्या दिवशी रात्रीपर्यंत सहा वेळा बदललं. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ राहिलं, तेव्हा शेवटच्या पाण्यात भांडी घासायच्या साध्या लिक्विड सोपचा एकच थेंब घातला, मग पुन्हा दोनदा विसळलं. एकदाही बोट फिरवलं नाही. अक्षरांच्या कोपऱ्यात जे अडकलं होतं, त्याला ओल्या लाकडी दातकोरण्याचं टोक नुसतं टेकवलं, ते आपोआप सुटलं. जे सुटलं नाही, ते राहू दिलं. मग मऊ सुती कापडावर ठेवून वरून दुसरं कापड दाबलं, पुसलं नाही. दोन दिवस सावलीत वाळवलं. चौथ्या राणीछापच्या मागच्या बाजूला तारखेखालचे दोन बारीक ठिपके तेव्हा पहिल्यांदा दिसले. ते कशाचे हे तेव्हा माहीत नव्हतं, पुढे कळलं. १८६२ सालचा रुपया पुढे १८७४ पर्यंत तीच तारीख ठेवून पाडत गेले आणि मुंबईच्या टाकसाळीत वेगळेपणासाठी ठिपके घालत. ते ठिपके सुईच्या टोकाएवढे. वर्षानुवर्षांच्या रांगोळीतून ते कसे वाचले, देव जाणे.

तूप, तेल, कुंकवाचं चिकट असेल तर पाण्याने निघत नाही. त्याला शुद्ध अ‍ॅसिटोन. रासायनिक पदार्थांच्या दुकानात मिळतो. नखांचं पॉलिश काढायच्या बाटलीतला नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. छोट्या काचेच्या वाटीत ओतून नाणं त्यात पंधरा मिनिटं बुडवायचं, काढून दुसऱ्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये विसळायचं. तो चांदीला काही करत नाही, तेलाला तेवढं विरघळवतो. पण तो पेट घेतो, आणि हे मी ठळक अक्षरांत छापा म्हणून सांगेन: खिडकी उघडी ठेवा, गॅस बंद ठेवा आणि देव्हाऱ्यात समई लागलेली असताना बाटली उघडूसुद्धा नका. सराफ दागिन्यांसाठी रिठ्याचं पाणी वापरतात, ते सौम्य आहे, पण नाण्यावर ते हातानेच घासलं जातं आणि मग आपण पुन्हा घासण्यावरच येतो. म्हणून मी नाण्यासाठी रिठा सांगत नाही.

आमच्या अल्बममधल्या दोन नाण्यांवर हिरवट चिकट थर आला होता. ते अल्बमच्या मऊ, नव्या रेक्झिनसारखा वास येणाऱ्या पानांमुळे. असल्या पीव्हीसीतून आम्ल सुटतं. तो हिरवा चिकटा ताजा असेल तर अ‍ॅसिटोनने जातो. खडखडीत वाळलेला हिरवा किटण असेल, विशेषतः निम्म्या चांदीच्या रुपयावर, तर त्याला घरी हात लावू नये. जुन्या नाण्याला कडी जोडलेली असेल तीही काढू नये. कडी जोडलेला डाग (झाळ) वितळवताना उष्णतेने रुपयाचा चेहरा बिघडतो, आणि ती कडी कुणाच्या तरी आजीच्या माळेतली असते. ती त्या रुपयाचीच गोष्ट आहे.

ठेवायचं कसं, ते थोडक्यात. रबरबँड नको, त्यात गंधक असतं. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळू नये, लोकरीच्या कापडात नको, ताज्या लाकडाच्या पेटीत नको. आम्लविरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टरचे होल्डर, सोबत सिलिका जेलची पुडी आणि हवाबंद डबा. धरताना कडेलाच धरायचं, तळहातात नाही. बोटांच्या घामात मीठ असतं आणि ठसा आठवड्याने दिसायला लागतो.

नाशिककरांना हे सांगायची मला जरा जास्त तळमळ आहे, कारण चांदीच्या नाण्यांचं आपल्या मातीशी फार जुनं नातं आहे. पांडवलेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखात सत्तर हजार कार्षापणांच्या (तेव्हाच्या चांदीच्या नाण्यांच्या), म्हणजे दोन हजार सुवर्णांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) दानाचा उल्लेख आहे, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या हिशोबाने. १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी उषवदाताच्या सासऱ्याची, क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. खाली नहपानाचा चेहरा पुसट, वर सातवाहनांचा डोंगर. कोण हरलं आणि कोण जिंकलं हे त्या एका चांदीच्या चकतीवर दिसतं, आणि ते दिसतं ते त्या पुसट रेघांमुळे. ही नाणी सापडल्या दिवशी कुणी हौसेने चिंचेत घातली असती, तर नहपान तिथेच संपला असता. आपल्या भागाला मोगलांनी गुलशनाबाद नाव दिलं, त्या नावाचे रुपयेही मराठ्यांच्या काळात पडले. ठसा मोठा आणि चकती लहान, म्हणून त्यावर अक्षरं अर्धीच येतात. आधीच अर्धी असलेली अक्षरं घासून कोणाला वाचता येतील?

म्हणून शेतकरी बंधूंनाही एक विनंती. नांगरताना गाडगं, नाणी सापडली तर धुऊ नका, मातीसकट राहू द्या आणि तहसीलदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्दी द्या. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीतला ठेवा कळवावाच लागतो. मातीत पुरलेलं नाणं तज्ज्ञच उघडतो. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. आपल्या घरापासून इतक्या जवळ असं ठिकाण असणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिथे शाळेच्या सहलीही जाव्यात. मी पुरानंतर नातीला घेऊन गेले होते. काचेआड करडी, काळपट नाणी ओळीने ठेवलेली, एकही चकाकत नव्हती. नातीने मला कोपर मारून हळूच सांगितलं, ‘यांनी घासली नाहीत बघ.’

पूजेचं काय, हा प्रश्न मला शेजारच्या बायकांनी विचारला आणि रास्त आहे. सासूबाईंची भावना मी मोडत नाही. सराफ बाजारातून नवं लक्ष्मीचं चांदीचं नाणं घ्या, अगदी पाच ग्रॅमचं. त्याला दरवर्षी उजळा, त्यालाच पंचामृताने अभिषेक करा, त्यालाच हळदकुंकू वाहा. जुने रुपये त्यांच्या पाकिटातच चौरंगावर शेजारी ठेवा, फूल वरून वाहा. आमच्याकडे गेली काही वर्षं असंच चालतं.

आणि बाहेर काढलेच आहेत तर एकदा तारखा पाहून घ्या. १९११ चा असेल तर भिंगातून हत्ती शोधा. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा असेल तर तो फारच दुर्मीळ, कुणाला दाखवण्याआधी नीट पाकिटात ठेवा आणि कुठल्याच दुकानात पॉलिशला देऊ नका.

माझी आपल्याला विनंती एवढीच, की त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. ज्यांनी ती कापून फ्रिजवर लावली आहे, त्यांच्यापर्यंत ती वसुबारसेच्या आधी पोहोचायला हवी. जागा कमी असेल तर माझ्या पत्रातलं बाकी सगळं गाळा, पण टूथपेस्ट, फॉइल आणि चिंच नाण्याला लावू नये, आणि नाणं डिस्टिल्ड पाण्यात नुसतं बुडवून ठेवावं, या दोन ओळी ठेवा.

आपली नम्र,
एक वाचक, निवृत्त प्रयोगशाळा सहायक
पंचवटी, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)